गेलेलें, उरलेलें आणि पेरावयाचें

आपल्याकडे पूर्वीं पत्र लिहिण्याची एक ठरलेली रीत असे. आरंभीं वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, त्यामागून येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें ही विनंति, मग जो कांहीं मजकूर असेल तो, आणि शेवटीं, लोभ आहेच, त्याची वृद्धि व्हावी, हें मागणें. घरांत मंगलकार्य निघालें म्हणजे पत्राला हळदकुंकवाचीं बोटें लागत. कोणी गेलें असलें म्हणजे कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि तसलें कार्ड वाचून झाल्यावर घरांत ठेवीत नसत. टपालवाल्याच्या हातांतला तो फाटका कोपरा दुरून दिसला कीं ओटीवर बसलेल्या माणसाला मजकूर वाचण्याची गरजच उरत नसे. जें आहे त्याची नोंद, जें गेलें त्याची वार्ता, आणि जें पुढें यावें त्याची इच्छा, अशा तिन्ही गोष्टींना आपल्या वाडवडिलांनीं लहानशा कार्डावर जागा करून ठेवली होती. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला याच तीन गोष्टींविषयीं बोलावयाचें आहे. ग्रंथांतून त्यांना कृतज्ञता, वियोग आणि आशा अशीं भारदस्त नांवें आहेत. परंतु मला त्या घरांत आणि आपल्या या नगर जिल्ह्यांत पाहावयाच्या आहेत.

कृतज्ञतेपासून आरंभ करूं. 'आभार' हा शब्द सभेच्या व्यासपीठावर जितका ऐकूं येतो तितका स्वयंपाकघरांत ऐकूं येत नाहीं. आईनें वाढलेल्या भाकरीबद्दल मुलानें तिचे आभार मानले, तर ती माउली त्याला ताप आला आहे कीं काय म्हणून कपाळाला हात लावून पाहील. यावरून आपण कृतघ्न आहों असें मात्र कोणी समजूं नये. सणाच्या दिवशीं शेजारच्या घरून वाटीभर कटाची आमटी आली, तर ती वाटी आपण रिकामी परत करीत नाहीं. दुसरें कांहीं नसलें तर चिमूटभर साखर तरी तींत घालतों. तोंडानें न बोललेले आभार त्या चिमूटभर साखरेंत असतात. आणि त्याच शेजारीं जेव्हां मृत्यु येतो, तेव्हां त्या घरची चूल पेटत नाहीं. मग पिठलेंभाकरीचीं झांकलेलीं ताटें आपल्या घरून तिकडे जातात. सुखाच्या दिवशीं ज्या उंबऱ्यावरून वाट्या गेल्या-आल्या, त्याच उंबऱ्यावरून दुःखाच्या दिवशीं अन्न जातें. आपल्या रोजच्या व्यवहारांत कृतज्ञता आणि वियोग यांचा रस्ता असा एकच आहे.

परंतु येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून चालणार नाहीं. दुःखाच्या घरीं समाचाराला गेल्यावर आपण जें बोलतों तें नेहमींच बरें असतें असें नाहीं. "गेलें तें गेलें, आतां उरलेल्यांकडे पाहा," "देवानें एक नेलें, पण दोन ठेवलीं आहेत," असें आपण तिसऱ्याच दिवशीं सांगूं लागतों. बोलणाराचा हेतु चांगला असतो, आणि तो बोलतो त्यांत खोटेंही कांहीं नसतें. तथापि ज्या घरांतलें एक पान कायमचें उठलें आहे, त्या घराला उरलेल्या पानांचा हिशेब त्या दिवशीं ऐकवूं नये. माणसांची मोजदाद अशी करतां येत नाहीं. दोन उरलीं म्हणून एकाची जागा भरत नाहीं. दुःखितानें कृतज्ञ व्हावें असा आग्रह बाहेरच्यानें धरणें मला क्रूरपणाचें वाटतें. कृतज्ञता येते, पण ती आपल्या ऋतूंत येते. ती कशी येते हें पाहावयाचें असेल, तर उपदेशाचीं पुस्तकें क्षणभर बाजूला ठेवून, ज्यांच्यावर तसे प्रसंग आले अशा माणसांकडे गेलें पाहिजे. आणि त्यासाठीं आपल्याला फार लांब जावें लागत नाहीं.

नगर शहराच्या पूर्वेस भिंगारच्या वाटेवर जो भुईकोट किल्ला आहे, तो निजामशाहीच्या काळचा. त्याच्या भोंवतीं रुंद खंदक आहे. चांदबिबीनें मोंगलांशीं झुंज दिली ती येथेंच. १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ९ ऑगस्टच्या पहाटे, काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड होऊन कार्यकारिणीच्या सभासदांना आगगाडीनें या किल्ल्यांत आणलें गेलें. मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेन्द्र देव, आपले शंकरराव देव वगैरे मिळून बारा जण तेथें होते. पंडितजींनीं 'भारताचा शोध' हा ग्रंथ येथेंच लिहिला, हें बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु याच किल्ल्यांत दुसरेंही एक पुस्तक लिहिलें गेलें, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनें तें मला अधिक जवळचें वाटतें. मौलानासाहेब आपले स्नेही नबाब हबीबुर रहमान खां शेरवानी यांना उद्देशून उर्दूंत पत्रें लिहीत असत. तीं टपालांत पडणार नाहींत हें त्यांना ठाऊक होतें. तरीही ते लिहीत, आणि लिहिलेलें जवळ ठेवीत. सुटकेनंतर १९४६ सालीं हीं पत्रें 'गुबारे खातिर' या नांवानें प्रसिद्ध झालीं. मनावर सांचलेली धूळ, असा त्या नांवाचा साधारण अर्थ आहे.

या पत्रांत राजकारण जवळजवळ नाहींच. त्यांत चहा आहे. मौलानासाहेब पहाटेच्या अंधारांत उठत, स्वतःच्या हातानें चहा करीत, आणि तो चिनी चहा दुधाशिवाय, घुटक्याघुटक्यानें घेत. सारें आवार झोपलेलें असतां त्या एका पेल्यापासून आपल्याला काय मिळतें, हें त्यांनीं मोठ्या चवीनें सांगितलें आहे. त्यांत चिमण्याही आहेत. त्यांच्या खोलीच्या छताला चिमण्यांनीं घरटीं केलीं होतीं आणि दिवसभर काडीकचरा खालीं पडत असे. प्रथम मौलानासाहेबांनीं त्यांच्याशीं युद्ध पुकारलें. युद्धांत चिमण्याच जिंकल्या, तेव्हां तह झाला. तांदुळाचे दाणे टाकले जाऊं लागले, आणि होतां होतां चिमण्या इतक्या धीट झाल्या कीं त्यांच्या हातावर येऊन दाणे टिपूं लागल्या. एकीला मोती, एकाला कलंदर, एकाला मुल्ला, एकाला सूफी, अशीं त्यांनीं त्यांचीं नांवें ठेविलीं. आणि त्यांत बाग आहे. किल्ल्यांतलें तें आवार उजाड होतें. जमिनींत दगडगोटे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा भरलेला. या लोकांनीं, विशेषतः पंडितजींनीं, भर उन्हांत ती जमीन खणली, वाफे केले आणि फुलझाडें लावलीं. सुटका केव्हां होईल हें एकालाही ठाऊक नसतां ही बाग झाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

चिमण्यांचीं तीं खेळकर पत्रें १९४३ च्या मार्चांतलीं आहेत. त्याच महिन्यांत कलकत्त्याहून वार्ता आली कीं मौलानासाहेबांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचें दुखणें विकोपास गेलें आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें सुचविलें कीं आपल्याला सरकारास कांहीं लिहावयाचें असेल तर मी तें ताबडतोब पाठवितों. मौलानासाहेबांनीं नकार दिला. ज्या सरकारशीं झगडा चालला आहे त्याच्याकडे स्वतःसाठीं सवलत मागावयाची नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. ते दिवस कसे गेले हें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. रोज वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली कीं छाती धडधडूं लागे. परंतु त्यांची बैठक अशी होती कीं दाराकडे पाठ व्हावी. पत्र घेऊन माणूस आला कीं ते नेहमींप्रमाणें हंसून तें मेजावर ठेवावयास सांगत आणि जणूं कसलीच घाई नाहीं अशा रीतीनें लिहीत राहत. रोजच्या क्रमांत त्यांनीं फरक पडूं दिला नाहीं. आणि मग ते कबूल करतात कीं हें सर्व बाहेरचें सोंग होतें. आपल्या धीराला कोठें डाग दिसूं नये म्हणून मनानें घेतलेलें.

९ एप्रिल १९४३ रोजीं बेगमसाहेबा कलकत्त्यास गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला, आणि मध्यें शेंकडों मैलांचें अंतर व एक खंदक होता. मौलानासाहेबांना आठवलें कीं ऑगस्टच्या आरंभीं मुंबईस निघतांना त्या दारापर्यंत आल्या होत्या आणि निरोपाच्या दोन शब्दांपलीकडे कांहींच बोलल्या नव्हत्या. किल्ल्याच्या आवारांत कोणा अनामिकाची एक जुनी कबर होती. ती त्यांनीं शेंकडों वेळां पाहिली होती. त्या संध्याकाळीं मात्र ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. तिच्याविषयीं मनांत एक नवीच जवळीक उत्पन्न झाली आहे असें त्यांना वाटलें.

श्रोतेहो, या हकीकतींत मला विशेष वाटतें तें मौलानासाहेबांचें धैर्य तर आहेच, पण त्याहून अधिक त्यांचा प्रामाणिकपणा. आपण खंबीर राहिलों एवढेंच सांगून ते थांबले असते, तर एका थोर पुरुषाची गोष्ट म्हणून आपण ती ऐकली असती आणि आपल्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं असें म्हणून सोडून दिली असती. परंतु आंत काय चाललें होतें हेंही त्यांनीं सांगितलें, म्हणून ती आपली झाली. रोजचा क्रम न मोडणें म्हणजे दुःख न होणें, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. खेड्यापाड्यांत ज्या घरीं तरणाताठा मुलगा गेला, त्या घरचीही म्हैस संध्याकाळ झाली कीं हंबरते. तिला सुतक कळत नाहीं. घरची बाई डोळे पुशीत उठते, वासराला सोडते, कासेखालीं भांडें धरते. तिला कोणी धैर्यवती म्हणत नाहीं, आणि तिलाही तसें वाटत नाहीं. पण त्या घटकेला ती म्हैस तिला धरून ठेवते. किल्ल्यांतल्या कैद्याला पहाटेच्या चहानें आणि हातावर येणाऱ्या चिमण्यांनीं तसेंच धरून ठेवलें असलें पाहिजे. कृतज्ञतेचें पहिलें रूप मला येथें दिसतें. आभाराचा एकही शब्द त्यांत नसतो. ज्या क्षुल्लक गोष्टींनीं आपल्याला पडूं दिलें नाहीं, त्यांना आपण हातचें सोडीत नाहीं, एवढेंच त्यांत असतें.

आतां दुसरें उदाहरण सांगतों. तेंही नगरचेंच आहे, आणि मराठी वाचकांच्या अगदीं घरचें आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं नसतील, त्यांनीं तीं अवश्य वाचावीं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, माहेर नाशिकजवळच्या जलालपुरास. त्या काळच्या रीतीप्रमाणें लग्न लहानपणींच झालें, आणि लिहिणें-वाचणें जें काय आलें तें लग्नानंतर. पति नारायण वामन टिळक हे कवि, उदार, आणि संसाराच्या बाबतींत कमालीचे बेभरंवशाचे. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळच्या ब्राह्मण घरांतल्या बाईवर हा केवढा आघात असेल याची आज कल्पना करणेंही कठीण आहे. नवरा हयात आहे, पण त्याच्या घरीं पाणी पिण्याची सोय नाहीं. कुंकू आहे, पण संसार नाहीं. लहान मुलाला पोटाशीं धरून त्यांनीं नातलगांच्या आश्रयानें वर्षें काढलीं. पुढें त्या टिळकांकडे नगरास आल्या. प्रथम आपलें सोंवळें संभाळून, वेगळी चूल मांडून. मग हळूहळू त्यांचें मन पालटलें आणि १९०० सालीं राहुरी येथें त्यांनींही दीक्षा घेतली. नगर आणि राहुरी येथें त्यांच्या संसाराचीं कितीतरी वर्षें गेलीं. त्या संसारांत परक्यांच्या अनाथ मुलांनाही जागा मिळाली. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, उतारवयांत, लक्ष्मीबाईंनीं आपल्या आठवणी लिहिल्या. १९३४ पासून त्यांचे भाग पुस्तकरूपानें निघूं लागले, आणि १९३६ च्या फेब्रुवारींत लक्ष्मीबाईही गेल्या.

या पुस्तकांत जें सोसलेलें आहे तें एखाद्या दुसऱ्या लेखणींतून उतरतें तर वाचणाराला रडूं आवरलें नसतें. परंतु लक्ष्मीबाई आपल्याला हंसवितात. टिळकांचा विसराळूपणा, घरांत कांहीं नसतां पाहुण्यांना केलेलीं आमंत्रणें, दोघांचीं भांडणें आणि लगेच झालेले समेट, स्वतःचें अज्ञान, स्वतःचा हट्ट, सर्वांवर त्या हंसतात. ज्या माणसानें आपल्याला एका रात्रींत निराधार केलें, त्याच्याविषयीं लिहितांना त्यांच्या लेखणींत कडवटपणाचा लवलेश येत नाहीं. आणि दुःख झालेंच नव्हतें असें खोटेंही त्या लिहीत नाहींत. झालेलें सर्व जसेंच्या तसें मांडलें आहे. हें त्यांना कसें साधलें, याचा मीं पुष्कळ वेळां विचार केला आहे. मला वाटतें, त्यांनीं बारीकसारीक आठवण ठेवली म्हणून साधलें. आपण ज्याला हरवलें त्याचें पुष्कळदां एक भव्य चित्र करून भिंतीवर लावतों. त्या चित्रांत माणूस राहत नाहीं. नुसता हार राहतो. लक्ष्मीबाईंनीं टिळकांना तसें होऊं दिलें नाहीं. त्यांचा राग, त्यांची घाई, त्यांचें प्रेम, त्यांचा वेडेपणा, सारें त्यांनीं जिवंत ठेवलें. गेलेल्या माणसाला त्याच्या गुणदोषांसह आठवणें, ही त्याच्याविषयींची सर्वांत मोठी कृतज्ञता होय. ज्या माणसांनीं वाटेंत आधार दिला त्यांचीही त्यांनीं अशीच आठवण ठेवली. दुःखाबद्दल त्यांनीं दैवाचे आभार मानलेले नाहींत, आणि मानावेत असें कोणी सांगूं नये. त्या दुःखांत कोण कोण बरोबर होतें हें मात्र त्या विसरल्या नाहींत.

मौलानासाहेबांनीं आपली व्यथा दोन दिवसांतच कागदावर उतरविली. लक्ष्मीबाईंना त्यासाठीं वर्षेंच्या वर्षें लागलीं. कृतज्ञता आपल्या ऋतूंत येते असें मीं मघां म्हटलें तें यासाठींच. कोणाचा ऋतु लवकर येतो, कोणाचा उशिरा. ज्याचा अजून आला नाहीं त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

राहिली आशा. आपल्या जिल्ह्याला २०२४ सालीं जिचें नांव मिळालें, ती अहिल्याबाई जामखेड तालुक्यांतल्या चोंडीची. जन्म १७२५ सालचा. तिचा पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडला. १७६६ सालीं सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षीं एकुलता एक मुलगा मालेराव गेला. उतारवयांत जांवई वारला आणि १७९१ सालीं मुलगी मुक्ताबाई त्याच्यामागें सती गेली. त्या माउलीला हेंही डोळ्यांनीं पाहावें लागलें. जिच्या मागें आपलें म्हणावें असें जवळजवळ कोणी उरलें नाहीं, तिनें सबंध हिंदुस्थानभर वाटसरूंसाठीं विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या वंशासाठीं पुढचा काळ उरला नसतांही पुढच्या काळांत कोणाला तरी तहान लागेल, एवढें तिला दिसत होतें. आशा या शब्दाचा अर्थ मला येथें कळूं लागतो.

पण अहिल्याबाई राज्यकर्ती होती. तुमच्याआमच्यासारख्यांनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर मला आमच्या घरच्या माळ्यावर मिळालें. माझी आई गेली त्याला आतां कांहीं वर्षें झालीं. ती लिहूंवाचूं जाणत नव्हती. तिच्या मागें तिचें सामान आवरतांना पत्र्याच्या एका डब्यांत तीन पुरचुंड्या निघाल्या. जुन्या लुगड्याच्या चिंधींत राख घालून बांधून ठेवलेलें बीं होतें तें. एका पुरचुंडीला एक गांठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. कोणतें बीं कशाचें, हें ओळखण्याची ती तिची खूण. आणि ती खूण तिच्याबरोबर गेली. मृगाचा पाऊस पडल्यावर आम्हीं परसांत तीन आळीं केलीं आणि तें बीं लावलें. एका आळ्यांत घोसाळीं आलीं. एकांत डांगर आलें. तिसऱ्यांत कांहींच उगवलें नाहीं. तें बीं कशाचें होतें हें आतां कधींच कळणार नाहीं. घोसाळीं इतकीं लागलीं कीं शेजारीपाजारीं वाटावीं लागलीं, आणि ज्या वाट्या भरून गेल्या त्या परत येतांना रिकाम्या आल्या नाहींत. हंगाम संपल्यावर घरांतल्या सुनेनें दोन्हीं वेलांचें बीं वाळवून राखेंत बांधून ठेवलें. त्यावर तिनें चिठ्ठ्या लावल्या. तिसरें आळें आम्हीं तसेंच रिकामें ठेवलें आहे. त्याच्याकडे पाहिलें म्हणजे मनाला लागतें, आणि लागूं द्यावें असें मला वाटतें.

हें केवळ आमच्या घरचें नाहीं. सह्याद्रीच्या कुशीला अकोले तालुक्यांत कोंभाळणें नांवाचें गांव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. पण धान्य, कडधान्य, भाजीपाला यांचें जुनें गांवठी बियाणें त्यांनीं घरोघरून गोळा केलें, जतन केलें, वाढविलें आणि शेतकऱ्यांना वाटलें. २०२० सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री जाहीर केली. सारा महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो. लोकांनीं टाकून दिलेलें, नाहींसें होत चाललेलें बीं त्यांनीं एका मातीच्या घरांत राखलें, याचें महत्त्व नगरच्या माणसाला वेगळें सांगावें लागत नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला डोंगरांत धों धों पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या तालुक्यांत माणसें आभाळाकडे पाहून डोळे दुखवितात. १९७२ चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना खडी फोडणारे हात आणि सुकडीच्या रांगा आठवतात. त्या वर्षीं उपाशी माणसांनीं कामावर जाऊन बांध घातले, पाझर तलाव खोदले. त्या तलावांत पुढें कोणाचीं गुरें पाणी पितील हें खोदणाराला ठाऊक नव्हतें.

जुन्या शेतकऱ्याच्या घरीं अशा वर्षींही एक नियम असे. कणगी रिकामी झाली तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावावयाचा नाहीं. उपास काढावा, मजुरीला जावें, पण बीं खाऊं नये. ज्या घरावर बीं दळून खाण्याची पाळी आली त्या घराविषयीं लोक हळहळत, कारण त्या घरानें पुढचें वर्षही गमावलें असा त्याचा अर्थ होई. पाऊस येईलच अशी त्या मडकें झांकून ठेवणाऱ्या बाईची खात्री होती काय? मुळींच नव्हती. तिनें लागोपाठ कोरडीं वर्षें पाहिलीं होतीं. पाऊस आला तर आपल्या हातांत बीं असलें पाहिजे, एवढेंच तिचें म्हणणें. आशा म्हणतात ती इतकीच आहे. भविष्याविषयींचें ज्ञान तिच्यापाशीं नसतें; तिच्यापाशीं तयारी असते. म्हणूनच मनानें खचलेल्या माणसालाही ती शक्य आहे. मनांत उमेद नसतांना मडकें झांकून ठेवतां येतें, वाफा खणतां येतो, चिमणीला दाणे टाकतां येतात. उमेद मागाहून आली तर येते.

आणि यांतूनच त्या तीन गोष्टींचें नातें मला दिसतें. आपण समजतों कीं आधीं दुःख संपतें, मग कृतज्ञता येते, आणि मग आशा पालवते. प्रत्यक्षांत त्या तिन्ही एकाच घरांत, एकाच वेळीं नांदत असतात. रिकामें आळें, वेलाला लागलेलीं घोसाळीं आणि राखेंत बांधलेलें बीं हीं एकाच परसांत असतात. त्यांतलें एक दुसऱ्याला पुसून टाकीत नाहीं. घोसाळीं आलीं म्हणून तिसऱ्या बियाचें दुःख कमी होत नाहीं, आणि तिसरें बीं गेलें म्हणून घोसाळीं कडू लागत नाहींत.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांच्या घरीं सध्यां सर्व कुशल असेल त्यांनीं तें कुशल एखाद्या जुन्या पत्रांतल्याप्रमाणें कोणाला तरी कळवावें. वाटी रिकामी परत करूं नये. ज्यांच्या शेजारीं दुःख आलें असेल त्यांनीं शब्द मागाहून न्यावेत, आधीं भाकरी न्यावी. आणि आजची रात्र ज्यांना कठीण जाणार आहे, ज्यांना हें माझें सारें बोलणें दुरून येत असल्यासारखें वाटत असेल, त्यांना मी कृतज्ञ व्हा असें सांगत नाहीं. उद्यां सकाळीं चूल पेटवावी, गुरांना पाणी दाखवावें, दारांतल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालावें, इतकेंच त्यांच्यापाशीं मागणें आहे. बाकीचें ज्याचें त्याच्या ऋतूंत येईल. तोंवर बियाण्याच्या मडक्यावर झांकण असूं द्यावें.